जग मिथ्या, पण छताला ओल

आलेलं पत्र, थोडक्यात: लेखिका ५७ वर्षांच्या, नागपुरात जुन्या स्वतंत्र घरात राहतात. यजमान दीड वर्षापूर्वी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. तेव्हापासून मोबाइलवर वेदान्ताची प्रवचनं सकाळ-संध्याकाळ चालू असतात, आणि कुठलंही काम सांगितलं की उत्तर ठरलेलं: "जग मिथ्या आहे, तू कशाला जीव जाळतेस?" गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा राहिला, पेन्शन अडकली, धावपळ लेखिकेनंच केली. आता निजायच्या खोलीच्या छताला ओल आली आहे. पावसाआधी गच्चीचं काम करून घ्या म्हटलं तर यजमान म्हणतात, "ओल दिसते म्हणून ती आहे असं नाही." पुण्यात आयटीत असलेला मुलगा फोनवर हसत सांगतो, बाबांचं बरोबर आहे, आपण सगळे एका मोठ्या कॉम्प्युटरमधलं सिम्युलेशन आहोत. त्या विचारतात: "हे खरंच पुढे गेलेत आणि मी संसारात रुतलेली अडाणी बाई, की हे आळसाचं सोंग आहे? त्यांचं तोंड बंद होईल असं एखादं वाक्य सांगा."

ताई,

वाक्यं मिळतील. एक सोडून तीन-चार, आणि तीही त्यांच्याच आचार्यांची. पण आधी तुमच्या प्रश्नात दडलेल्या दोन गोष्टी बाहेर काढू. पहिली, 'जग मिथ्या' म्हणजे 'जग खोटं'. दुसरी, ते वाक्य खरं असेल तर तुमचं राबणं फुकट, आणि खोटं असेल तर यजमान सोंगाडे. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी यजमानांनीही तुमच्याइतक्याच मुकाट्यानं धरून ठेवल्या आहेत. म्हणून हे भांडण मिटत नाही. तुमचं दोघांचं एकमत आहे, पण नको त्या जागी.

मिथ्या हा वेदान्तातला बांधीव शब्द आहे, बोलण्यातल्या 'खोटं'शी त्याचा फारसा संबंध नाही. वेदान्ती तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो. असत् म्हणजे जे कुणाला कधी दिसतच नाही: सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. सत् म्हणजे जे कधीच बाधित होत नाही. बाध म्हणजे पुढच्या ज्ञानानं आधीचं ज्ञान खोडलं जाणं. आणि या दोन्ही खणांत न बसणारं ते मिथ्या. दिवे गेलेत, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी सुटून पडली आहे, तुमचा पाय तिच्याजवळ पडतो आणि साप दिसतो. तो साप सत् नाही, कारण टॉर्च मारली की जातो. पण असत्‌ही नाही, कारण त्यानं छाती धडधडली, घाम फुटला. सशाच्या शिंगानं आजवर कुणाला घाम फुटलेला नाही.

यातूनच अद्वैतात, म्हणजे शंकराचार्यांच्या वेदान्तात, सत्तेच्या (असण्याच्या) तीन पायऱ्या मानतात. दोरीवरचा साप प्रातिभासिक (नुसता भासणारा), दोरी व्यावहारिक (रोजच्या व्यवहारातली), ब्रह्म पारमार्थिक (कधीच न खोडलं जाणारं). तुमची गच्ची, पेन्शन, मालमत्ता कर आणि यजमानांचा मोबाइल हे सगळं मधल्या पायरीवर. यजमान काय करतात, तर मधल्या पायरीवरच्या प्रश्नाला वरच्या पायरीवरून उत्तर देतात. ही अद्वैताच्याच नियमांनी चूक आहे, ती दाखवायला अद्वैत नाकारायची गरज नाही.

आणि "ओल दिसते म्हणून आहे असं नाही" हे वाक्य तर वरच्या पायरीचंही नाही. ते खालच्या पायरीचं आहे: ओल हा दोरीवरचा साप आहे, असा त्याचा दावा झाला. चालेल की! पण तिथे एक नियम आहे. भ्रमाला अधिष्ठान लागतं, म्हणजे ज्यावर तो उभा राहतो अशी खरी वस्तू. साप नाही म्हणणाऱ्यानं दोरी दाखवायची असते. ओल नाही, तर मग तिथे काय आहे? जुन्या चुन्याचा पोपडा? सावली? धुराचा डाग? ते दाखवायला टॉर्च घेऊन शिडीवर चढावं लागतं. या दाव्यानं कामातून सुटका होत नाही, उलट काम अंगावर येतं.

आता तुम्ही मागितलेली वाक्यं. 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' हा श्लोकार्ध परंपरेनं शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'ब्रह्मज्ञानावलीमाला' या छोट्या प्रकरणग्रंथातला. आचार्यांचं मुख्य काम म्हणजे ब्रह्मसूत्रांवरचं भाष्य. त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात २८व्या आणि २९व्या सूत्रांवर ते विज्ञानवादी बौद्धांशी वाद घालतात. बाहेरचं जग नाहीच, फक्त मनातल्या प्रतिमा आहेत, असं म्हणणाऱ्याला ते काय उत्तर देतात? म्हणतात, हे म्हणजे एखाद्यानं जेवावं, पोट भरल्याचा अनुभव घ्यावा आणि वर म्हणावं, मी जेवत नाही आणि माझं पोटही भरत नाही. पुढच्याच सूत्रावर ते स्पष्ट सांगतात की जागेपण स्वप्नासारखं नाही. स्वप्नातली वस्तू जाग आल्यावर खोडली जाते. जागेपणी दिसलेला खांब कोणत्याही अवस्थेत तसा खोडला जात नाही. ज्यांच्या नावानं तुमच्या घरी जग उडवलं जातं, त्यांनीच जग उडवणाऱ्याला असं धरलं आहे.

भाष्याच्या सुरुवातीलाच, अध्यासाच्या (एका वस्तूवर दुसरीचा आरोप करण्याच्या) चर्चेत, आणखी एक निरीक्षण आहे. हातात काठी उगारलेला माणूस पाहून जनावर मागे सरतं, हिरवं गवत घेतलेला पाहून पुढे येतं. शहाणीसुरती माणसंही व्यवहारात याहून वेगळं वागत नाहीत. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की कूलरसमोरची खुर्ची कोण पकडतं, एवढं बघितलं की या ओळींचा अर्थ कळतो. आणि हो, त्या श्लोकार्धाचा पुढचा तुकडा कुणी म्हणत नाही: 'जीवो ब्रह्मैव नापरः', म्हणजे जीव ब्रह्मच, दुसरं काही नाही. जीव म्हटल्यावर त्यात चहा करून आणणारीही आली.

पण ताई, ही वाक्यं काठीसारखी वापरू नका. वापरलीत तर दोन दिवस शांतता मिळेल आणि तिसऱ्या दिवशी ते दुसरं प्रवचन शोधून आणतील. वचनाला वचन मिळतंच. वचनांच्या लढाईत घराचं काम कधी झालेलं नाही.

तुमचा खरा प्रश्न मला दुसराच वाटतो: ते पुढे गेलेत आणि मी मागे राहिले का? ही भीती तुमच्यासारख्या पुष्कळ जणींना असते, म्हणून थोडं सविस्तर. जगाला मिथ्या म्हणणं ही भारतीय विचारातली एक वाट आहे, एकमेव नाही. अद्वैत म्हणतं, जगाचा भास अविद्येमुळे, म्हणजे मूळ अज्ञानामुळे होतो. दुसरे वेदान्ती आचार्य रामानुज यांनी श्रीभाष्यात या अविद्येवरच सात आक्षेप घेतले. त्यांतला पहिला अगदी घरगुती आहे: ही अविद्या राहते कुठे? ब्रह्मात म्हणाल तर ते ज्ञानस्वरूप, तिथे अज्ञान कसं. जीवात म्हणाल तर जीवच अविद्येमुळे निर्माण झाला म्हणता. द्वैतमताच्या मध्वाचार्यांनी जग सरळ सत्य मानलं. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांनाही बाहेरचं जग खरंच वाटतं. आपल्या मराठीत ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'चं सातवं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला वाहिलं. त्यांच्या लेखी जग हे अज्ञानातून उठलेलं भूत नसून त्या एका चैतन्याचंच स्फुरण. आपल्या विदर्भात घडलेल्या महानुभाव पंथात तर प्रपंच हा जीव, देवता आणि परमेश्वर यांच्या बरोबरीनं चार नित्य पदार्थांपैकी एक. आणि 'दासबोधा'च्या बाराव्या दशकाचा पहिला समास सुरूच होतो 'आधी प्रपंच करावा नेटका' असा. दोन ओव्या पुढे समर्थ बजावतात, प्रपंच सोडून परमार्थ केलात तर खायला अन्न मिळणार नाही. तेव्हा तुम्ही नेटका प्रपंच करताय, हा मागे राहिल्याचा पुरावा नव्हे.

बरं, सगळंच शून्य म्हणण्यापर्यंत जे गेले त्यांचं काय? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या 'मूलमध्यमककारिके'च्या चोविसाव्या प्रकरणात लागोपाठ दोन कारिका (श्लोक) आहेत. व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगताच येत नाही, ही एक. आणि लगेच पुढची: शून्यता चुकीची समजली तर मंदबुद्धीचा नाश करते, चुकीचा पकडलेला साप चावतो तशी. सगळ्यात टोकाला गेलेल्या माणसानंच हा धोक्याचा फलक लावून ठेवला आहे, हे लक्षात घ्या.

मुलाचं उत्तर छोटं आहे. सिम्युलेशनची कल्पना गाजली ती तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांच्या २००३ सालच्या निबंधामुळे. त्यात ते 'आपण सिम्युलेशनमध्ये आहोत' असं म्हणतच नाहीत. ते तीन शक्यता मांडतात: आपल्यासारख्या जवळजवळ सगळ्या संस्कृती तेवढी ताकद येण्याआधीच संपतात, किंवा ताकद आली तरी जवळजवळ कुणी तसले खेळ चालवत नाही, किंवा आपण बहुधा अशाच खेळात आहोत. तिन्हींपैकी निदान एक खरी असलीच पाहिजे, एवढाच दावा. चिरंजीवांनी तिसरी उचलली आणि दोन गाळल्या. दुसरे तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स तर म्हणतात की जग सिम्युलेशन निघालं तरी त्यातली टेबलं-खुर्च्या खऱ्याच, फक्त त्या कशाच्या बनल्यात याचं उत्तर बदलेल. सगळ्यावर संशय घेणाऱ्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६३७ सालीच लिहून ठेवलंय की घर पाडून नवं बांधायचं तर मधल्या काळात राहायला दुसरी जागा लागते. म्हणून संशय चालू असेपर्यंत त्यानं रोजच्या वागण्याचे काही नियम ठरवून घेतले. मुलाला म्हणावं, बाबा घर पाडतायत, मधल्या काळाचं भाडं तू भर.

आता करायचं काय. गप्प राहून सगळं स्वतः करत राहणं हा एक मार्ग, आणि तो तुम्ही दीड वर्ष करून पाहिलात. त्यात एक खोट आहे. दाखला राहिला, पेन्शन अडकली, धावपळ तुम्ही केलीत. त्यामुळे व्यवहारातलं जग ढकललं की उलटून ढकलतं, हा अनुभव त्यांना आलाच नाही. दुसरा मार्ग म्हणजे सगळं सोडून देऊन गंमत बघणं. तो तुमच्या अंगावर येईल, कारण घर तुमचंही आहे. मधली वाट अशी: कामांच्या दोन याद्या करा. जे राहिलं तर पुढे भरून निघतं ते एका यादीत, जे राहिलं तर कायमचं नुकसान होतं ते दुसरीत. आरोग्यविम्याचा हप्ता, छत, औषधं दुसऱ्या यादीतली, ती अडवून धरू नका. पहिल्या यादीतली दोन-तीन कामं यजमानांच्या नावावर लावा आणि मग खरोखर हात लावू नका. सुरुवात त्यांच्या मोबाइलच्या रिचार्जपासून करा. प्रवचन मधेच थांबलं की व्यावहारिक सत्ता म्हणजे काय यावर वेगळं व्याख्यान लागत नाही.

हयातीचा दाखला पहिल्या यादीत आहे, दुसऱ्या नाही: उशिरा दिला तरी पेन्शन थकबाकीसह सुरू होते, फक्त मधे हाल होतात. यंदा १ नोव्हेंबरला कॅलेंडरवर खूण करून यजमानांना एकदाच सांगा. बँकेतल्या पेन्शनरांच्या यादीत नावापुढे सही करता येते किंवा शासनाच्या 'जीवन प्रमाण' सेवेवर आधार आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक देऊन डिजिटल दाखला काढता येतो. 'मी विचार करतो म्हणून मी आहे' हा देकार्तचा पुरावा कोषागाराला चालत नाही.

त्यांच्याबरोबर वाचायचंच असेल (आणि मला वाटतं, वाचावं) तर प्रवचनाऐवजी प्रयोगापासून सुरुवात करा. रोज पंधरा मिनिटं, दोन आठवडे, एक वही. पहिल्या दिवशी स्टीलच्या ऐवजी काचेचा ग्लास अर्धा भरा, त्यात चमचा तिरका ठेवा. चमचा वाकलेला दिसेल. तो वाकलेला नाही हे दोघांनाही माहीत आहे, तरी दिसणं जात नाही. दोरीवरचा साप मात्र कळताक्षणी जातो. शास्त्रात हे दोन वेगळे भ्रम आहेत: निरुपाधिक भ्रम ज्ञानानं जातो, सोपाधिक भ्रम, जसं लाल जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसणं, ज्ञान झालं तरी उपाधी, म्हणजे भ्रम घडवणारी जवळची वस्तू, हलेपर्यंत दिसत राहतो. वर्धा रोडवर दुपारी डांबरावर पाणी दिसतं तेही याच जातीचं. डांबराजवळची हवा तापून विरळ होते, वरून येणारा प्रकाश तिच्यात वळून पुन्हा वर येतो, आणि आपल्याला रस्त्यावर आकाश दिसतं. भौतिकशास्त्र शिकलेल्यालाही ते दिसतंच. फक्त तो तिथे गाडी थांबवून बाटली भरायला उतरत नाही. ज्ञानानं दिसणं बदलतंच असं नाही, वागणं बदलतं. जग मिथ्या कळलेल्या माणसाला जग दिसायचं थांबत नाही, हेही इथूनच समजतं.

दुसऱ्या दिवशी तीन वाट्या: एकीत माठाचं पाणी, दुसरीत टाकीतून दुपारी येतं ते कढत पाणी (हात सोसेल इतकंच), तिसरीत दोन्ही मिसळून. एक हात पहिल्या, दुसरा दुसऱ्या वाटीत मिनिटभर ठेवून दोन्ही एकदम तिसरीत घाला. तेच पाणी एका हाताला गरम, दुसऱ्याला गार. जॉन लॉकनं सतराव्या शतकात हे उदाहरण दिलं आहे. इथे घाई होते. माणूस म्हणतो, 'बघा, इंद्रियं फसवतात, म्हणजे पाणीच नाही.' चूक. गरम-गार वाटणं हाताच्या अवस्थेवर अवलंबून आहे, एवढंच सिद्ध झालं. आणि ते सिद्ध करायलाही तिन्ही वाट्या खऱ्या धराव्या लागल्या. वहीत तीन रकाने ठेवा: काय दिसलं, चूक कशानं कळली, कळल्यावर दिसणं गेलं की राहिलं. मधल्या रकान्याकडे लक्ष द्या. प्रत्येक भ्रम दुसऱ्या कुठल्या तरी ज्ञानानंच पकडला गेलेला सापडेल. एखाद्या दिवशी वाद पेटला तर वही मिटा, त्या दिवशी पुढे जाऊ नका.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. निवृत्तीनंतर उदासी येते आणि पुरुषमाणसं तिला वैराग्याचं नाव देतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडलेली, जेवणावरची वासना गेलेली, पूर्वी आवडणाऱ्या माणसांना टाळणं, 'सगळं काचेपलीकडे असल्यासारखं वाटतं', 'मी असून नसून सारखाच' अशी भाषा: यांतलं काही दिसत असेल तर तो वेदान्त नव्हे. वैराग्य आलेला माणूस हलका होतो, असा जड होत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. शासनाच्या टेलीमानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकाला कधीही फोन करता येतो, तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालतो. आणि प्रवचन ऐकताना चेहरा खुललेला, जेवण व्यवस्थित, नेमकं काम सांगितल्यावरच जग मिथ्या होत असेल, तर वरच्या याद्या पुरेत.

राहिली गच्ची. इथे एक मुद्दा यजमानांच्या बाजूनं. ओल आहे, हे प्रत्यक्ष. पण ती गच्चीतून येते, हे तुमचं अनुमान, आणि ते अजून तपासलेलं नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तर्कपंडित, विचारेल: जिथे जिथे छताला ओल, तिथे तिथे गच्चीला भेग, असं नेहमी असतं का? नसतं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप झिरपत असेल, टाकी भरून वाहत असेल, खिडकीतल्या कूलरचं पाणी भिंतीतून चढत असेल. शिवाय आत्ता उन्हाळा आहे. अवकाळी पाऊस येऊन गेल्यावर डाग आला असेल तर गच्चीवर संशय. पाऊस नसताना वाढत असेल तर आधी पाइपावर. ठेकेदार यातलं काही विचारणार नाही, त्याला गच्चीचंच काम हवं असतं.

म्हणून पैसे देण्याआधी हे करा. डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा, तारीख-वेळ लिहा. तीन दिवस कूलर आणि टाकीचा त्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, पाणी खालच्या नळावरून भरा. डाग सुकायला लागला तर प्लंबर बोलवा, गच्चीला हात लावू नका. नाही सुकला तर गच्चीच्या पाणी जायच्या वाटा बुजवून संध्याकाळी इंचभर पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. दिवसा उन्हानं आटेल तेवढं वरून घाला. इंचभरच, जास्त नको: १० बाय १२ फुटांच्या खोलीवर तेवढ्यानंच सुमारे २८० किलो वजन होतं. स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर हा प्रयोग करूच नका, आधी जाणकाराला दाखवा. रेघेबाहेर ओल सरकली तर गच्चीच, आणि मग मृगाच्या आधी काम उरकून घ्या.

शंका यजमानांची होती, तेव्हा रेघ मारायला शिडीवर त्यांनीच चढायचं, तुम्ही खालून धरा. शिडी लोखंडी असेल आणि अंगणात ठेवलेली असेल तर सकाळी नवाच्या आत काम आटपा. अकरानंतर तिला हात लाववत नाही.